डुगडुगणारं ईझल: दोष कुठे शोधायचा आणि कुठे थांबायचं

ईझल (चित्र काढताना कॅनव्हास ज्याच्यावर उभा ठेवतात ते) हलतं अशी तक्रार घेऊन माणसं येतात, तेव्हा बहुतेकांनी मनात नवं घ्यायचं पक्कं केलेलं असतं. पण माझ्या हाताखालून गेलेल्या ईझलांमध्ये खरोखर मोडलेली फार थोडी होती. उरलेल्यांत दोन भागांमध्ये कुठेतरी 'प्ले', म्हणजे ढिलेपणा, शिरलेला असतो, किंवा ते ईझल ज्या कामासाठी बनलेलंच नाही ते काम त्याच्याकडून करून घेतलं जात असतं. पहिल्या प्रकाराला पाना, वायसर आणि थोडा वेळ पुरतो. दुसऱ्यात नट कितीही आवळा, काही फरक पडत नाही. आपलं दुखणं यांतलं कुठलं हे आधी कळलं नाही, तर नवं आणलेलंही चार दिवसांत तसंच डुगडुगायला लागतं.

लक्षणं

आधी नीट बघा, ईझल नेमकं कसं हलतं. 'हलतं' या एका तक्रारीखाली निरनिराळे दोष लपलेले असतात.

– ब्रश टेकवला की फक्त कॅनव्हास थरथरतो, पाय जागचे हलत नाहीत: दोष कॅनव्हासमध्ये किंवा त्याची वरची कड धरणाऱ्या पकडीत.
– सगळं ईझल एका पायावरून दुसऱ्या पायावर डुगडुगतं: जमीन, पायांची टोकं किंवा चाकं.
– पाय जमिनीला घट्ट, पण वरचा भाग डावी-उजवीकडे डुलतो, चौकट तिरकी होते: सांधे आणि बोल्ट.
– खालची फळी, म्हणजे कॅनव्हास जिच्यावर टेकतो ती, हळूहळू खाली उतरते: तिची पकड किंवा दात्यांची पट्टी.
– कॅनव्हास एका बाजूला फिरतो: मधला दांडा पिळतोय किंवा वजन मध्यावर नाही.
– जोर दिला की ईझल मागे सरकतं किंवा मागच्या बाजूला कलंडू पाहतं: कल आणि बैठक.

लक्षण ओळखू येत नसेल तर एक साधी चाचणी करा. कॅनव्हास उतरवून ठेवा. एका हाताने ईझलचा वरचा भाग हळू हलवा आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेका सांध्यावर अशी ठेवा की अर्धं बोट एका लाकडावर आणि अर्धं दुसऱ्यावर येईल. दोन लाकडं एकमेकांवर सरकत असतील तर ते बोटाला लगेच कळतं, डोळ्याला दिसत नसलं तरी. खालून सुरुवात करून वर जा. मग कॅनव्हास चढवून हेच परत करा. रिकामं ईझल शांत असेल आणि कॅनव्हास चढवल्यावर हलत असेल, तर ईझलचे नट आवळत बसू नका. तुमचं काम दुसऱ्या आणि तिसऱ्या तपासणीतच संपेल.

१. जमीन

फुकटची तपासणी आहे, म्हणून पहिली. ईझल उचला, तिथेच पाव वळसा फिरवा आणि परत ठेवा. मग ते तिथून दोन हात दूर ठेवून पाहा. डुगडुग बदलली किंवा गेली, तर दोष जमिनीचा. कुठेही ठेवलं तरी तोच पाय उचलला जात असेल, तर दोष पायाचा.

तीन पायांचं ईझल असं कधीच डुगडुगत नाही, कारण तीन टोकं कशाही जमिनीवर एकाच वेळी टेकतात. चार टोकांना सपाट जमीन लागते. खाली किंचित फरक असला तरी वर तो मोठा होऊन दिसतो. बैठक 60 सेंटिमीटर रुंद असेल आणि एका पायाखाली 1 मिलिमीटरची फट असेल, तर 180 सेंटिमीटर उंचीवर कॅनव्हासची कड 3 मिलिमीटर सरकते. बारीक रेषा ओढणाऱ्याला 3 मिलिमीटर पुष्कळ झाले.

पायाखाली पुठ्ठ्याची घडी सारणं ही चाचणी म्हणून ठीक आहे, उपाय म्हणून नाही. पुठ्ठा दबतो आणि आठवड्याभरात जैसे थे. आटे असलेले, उंची कमी-जास्त करता येणारे पाय मिळतात, ते चारही टोकांना बसवा. ईझलखाली जाड गालिचा किंवा फोमची चटई असेल तर तीही काढून बघा. मऊ थरावर चांगलं ईझलही डोलतं.

२. कॅनव्हास

या तपासणीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि 'ईझल थरथरतं' या तक्रारीचं मूळ बऱ्याचदा इथेच निघतं. कॅनव्हास सैल असेल तर ब्रशखाली तो आत जातो आणि परत उसळतो. हाताला वाटतं, ईझल हललं. बोटाने टिचकी मारा. ढोलाच्या पानासारखा आवाज आला तर ताण बरा आहे. फदफद वाजलं तर सैल.

कापड ज्या लाकडी चौकटीवर ताणलेलं असतं, तिच्या मागच्या कोपऱ्यांत लाकडी पाचरी असतील तर सगळ्या थोड्या-थोड्या ठोका. एकाच कोपऱ्यावर जोर काढलात तर चौकट काटकोनातून जाईल. दोन्ही कर्ण टेपने मोजा, ते सारखे हवेत. मग कॅनव्हास सपाट टेबलावर पालथा ठेवून एकेक कोपरा दाबा. समोरासमोरचे दोन कोपरे आळीपाळीने उचलले जात असतील तर चौकटीला पीळ आहे, आणि पिळलेली चौकट कुठल्याही ईझलवर नीट टेकणार नाही.

कोपरे पक्के चिकटवलेल्या चौकटीत पाचरी चालत नाहीत. तिथे कॅनव्हास काढून परत ताणणं हाच मार्ग. काम अर्धं झालं असेल आणि आत्ता ताणायचं नसेल, तर कॅनव्हासच्या मापाचा कडक बोर्ड त्याच्या आणि ईझलच्या मध्ये उभा ठेवा. कापड फार आत गेलं तर त्याला मागून आधार मिळतो. मोठ्या चौकटीला मधली आडवी पट्टी नसेल तर तिच्या लांब बाजू आत वाकतात, आणि त्याला ईझल काहीच करू शकत नाही.

३. वरची पकड आणि खालची फळी

पुष्कळ जण वरची पकड लावतच नाहीत. कॅनव्हास फळीवर टेकवला, मागे दांड्याला रेलला, झालं. मग वरची कड मोकळी राहते आणि प्रत्येक फटकाऱ्याला मागे आपटते. पकड नुसती टेकवूनही भागत नाही. ती सैल करा, एका हाताने खाली दाबून धरा आणि दाबलेली असतानाच नट आवळा. वर-खाली असा दोन्हीकडून दाब असला की कॅनव्हास ईझलचाच भाग होतो.

फळीची खाच किती रुंद आहे तेही बघा. पातळ चौकट साधारण 2 सेंटिमीटरची असते, जाड कडेची 4 सेंटिमीटरच्या आसपास जाते. पातळ चौकटीला धरून बनवलेल्या खाचेत जाड कॅनव्हास अर्धा बाहेर लटकतो आणि पुढे घसरतो. घसरण थोडीच असेल तर खाचेच्या तळाला रबराची पातळ पट्टी चिकटवा.

आणि कॅनव्हास मध्यावर ठेवा. एकाच दांड्याचं ईझल असेल तर हे फार महत्त्वाचं. वजन एका बाजूला गेलं की दांडा पिळतो, आणि मग लोक त्या पिळाला 'सैल बोल्ट' समजतात. टर्पेंटाइनच्या बाटल्या, ब्रशांचे डबे फळीच्या एका टोकाला मांडून ठेवायची सवय असेल तर तेही वजनच आहे. शेजारी वेगळं टेबल ठेवा.

४. नट-बोल्ट

इथपर्यंत काही सापडलं नसेल तर आता पाना. पण दिसेल तो नट आवळायला घेऊ नका. ईझल तिरकं उभं असताना नट आवळले तर ते तिरकेपणातच पक्कं होतं.

कॅनव्हास उतरवा. सगळे नट अर्धा-एक फेरा सैल करा, काढू नका. ईझल सपाट जागी उभं करून मधल्या दांड्याला ओळंबा लावा. नसेल तर दोऱ्याला जड नट बांधला तरी काम होतं. दांडा ओळंब्यात आला की खालच्या बैठकीपासून वर जात नट आवळा. खालचा सांधा हा वरच्या सगळ्यांचा आधार, म्हणून हा क्रम.

आवळूनही सांधा सैलच वाटत असेल तर एक गोष्ट हमखास तपासा. बोल्टचे आटे संपून पुढे गुळगुळीत दांडी सुरू होते, आणि नट तिथे जाऊन अडतो. हाताला लागतं की घट्ट झालं, पण दोन लाकडांवर दाब आलेलाच नसतो. एक-दोन जाड वायसर घातले की नट आट्यांवरच राहतो आणि सांधा खरोखर आवळला जातो. एवढ्याशा कारणावरून ईझल अडगळीत गेलेलं मी पाहिलं आहे.

वायसर मुळातच नसेल तर घाला, शक्य तितका रुंद. नट थेट लाकडावर बसला की लाकूड चेपतं आणि आवळलेलं परत सैल पडतं. त्यात लाकूड हवेतला दमटपणा घेऊन रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. लांबीत मात्र जवळपास बदलत नाही. दमट दिवसांत फुगलेलं लाकूड बोल्टखाली चेपलं जातं, आणि हवा कोरडी झाली की तिथेच मोकळीक उरते. म्हणून ऋतू बदलला की नट एकदा बघायचे. रोज उघडावे न लागणाऱ्या सांध्यांना नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेले) लावलात तर ते आपणहून फिरून सुटत नाहीत. लाकूड आकसलं तर मात्र त्यांनाही पुन्हा पाना लागतो.

विंग नट, म्हणजे दोन पंखांचा नट, पक्कडीने आवळू नका. तो हातासाठीच केलेला असतो. पक्कडीच्या जोराने आटे जातात किंवा लाकडात बसवलेली धातूची आटेदार नळी उपटून येते, आणि स्वस्तातली दुरुस्ती सुताराकडे जाते.

५. सरकणारे भाग

फळी खाली उतरत असेल तर बहुतेक वेळा ती जिथे धरते ती जागा घाण झालेली असते. रंग आणि जवसाचं तेल वाळून त्यांचा गुळगुळीत थर होतो. लाकूड लाकडाला धरतं, त्या थराला धरत नाही. कडक पट्टीने तो खरवडून काढा, थोडं टर्पेंटाइन लावून कापडाने पुसा आणि पकड बसते तेवढ्याच जागी पॉलिश पेपर फिरवून लाकूड खरखरीत करा.

इथे सल्ला देणारे पुष्कळ भेटतात: मेण लावा, तेल सोडा. ज्या बाजूंवरून दांडा नुसता वर-खाली सरकतो तिथे कोरडं मेण घासायला हरकत नाही, सरकणं सोपं होतं. पण जिथे पकड दाबून धरते त्या जागेला मेण लावलंत तर फळी थांबायचीच नाही. तेल तर कुठेच नको, ते लाकडात मुरतं आणि पसरतं.

जवसाचं तेल लागलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं आणि ढिगातली फडकी आपणहून पेट घेऊ शकतात. सुटी पसरून वाळवा किंवा झाकणाच्या धातूच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवा.

दात्यांच्या पट्टीवर अडकणारी फळी असेल तर दात्यांच्या कडा बघा. त्या गोल झाल्या असतील तर खिटी सुटते. एखाद-दुसराच दाता झिजला असेल तर फळी त्याच्या वर किंवा खाली लावून काम चालतं. नेहमीच्या उंचीचे सगळे दाते गेले असतील तर पट्टी बदलावी लागते.

६. कल, चाकं आणि वजन

कॅनव्हास मागे कलता ठेवला की वजनही मागे जातं. ते मागच्या पायाच्या टोकाजवळ पोचलं की ब्रशचा साधा जोरही ईझल मागे ढकलतो. मागचा पाय आणखी लांब काढा किंवा कल कमी करा. पेस्टलसाठी कॅनव्हास किंचित पुढे झुकता ठेवतात, म्हणजे भुकटी चित्रावर न ओघळता खाली पडते. हे वरची पकड पक्की असलेल्या ईझलवरच करा. तैलरंगावर चमक येते म्हणून कल बदलणारे असतात. तिथे दिव्याची जागा बदलली तर ईझलला हात लावावा लागत नाही.

चाकांची मला विशेष आवड नाही. चाक अडवलं तरी ज्या खुंटीवर ते वळतं तिथे थोडा प्ले राहतोच. फक्त फिरणं अडवणारी आणि वळणंही अडवणारी अशी दोन्ही चाकं मिळतात. घ्यायचीच तर दुसरी घ्या. ईझल रोज हलवत नसाल तर चाकं काढून टाकलेली उत्तम.

तिवई हलकी असेल तर तिच्या मध्यावर वाळूची पिशवी लटकवा. मोठ्या ईझलला बैठकीच्या आडव्या पट्टीवर ठेवा. वजन जितकं खाली तितकं बरं.

७. लाकूडकाम

आता जे येतं त्याला ड्रिल, गोंद आणि क्लॅम्प लागतात. हातात सुतारकामाची सवय नसेल तर इथेच सुताराला बोलवा, त्यात कमीपणा काही नाही.

बोल्टचं भोक झिजून लांबट झालं असेल तर कितीही आवळा, जोर आला की बोल्ट त्यात सरकतोच. भोक मोठं आणि गोल करून घ्यायचं, त्यात लाकडी खुंटी गोंद लावून ठोकायची, पूर्ण वाळू द्यायची आणि मग बोल्टच्या मापाचं नवं भोक पाडायचं. भोक बोल्टपेक्षा सैल पडलं तर सगळी मेहनत वाया.

चिकटवलेला सांधा सुटला असेल तर त्यात नुसता नवा गोंद ओतून उपयोग नसतो. जुन्या गोंदावर नवा धरत नाही. सांधा पूर्ण उघडा, जुना थर लाकूड दिसेपर्यंत खरवडा, मग चिकटवा. क्लॅम्प लावल्यावर कर्ण मोजा किंवा कोपऱ्यात गुण्या लावून काटकोन बघा, आणि निदान एक रात्र हात लावू नका.

सगळे सांधे घट्ट असूनही चौकट डावी-उजवीकडे डुलत असेल, तर रचनेतच तिरका आधार नाही. चार पट्ट्यांचा चौकोन तिरका होऊ शकतो, त्रिकोण होत नाही. चौकटीच्या खालच्या भागात मागच्या बाजूने प्लायवूडची फळी स्क्रूने बसवा, किंवा दोन्ही खालच्या कोपऱ्यांत प्लायवूडचे त्रिकोण. दिसायला काही विशेष नाही, पण ईझलमध्ये याहून मोठा फरक पाडणारी दुसरी दुरुस्ती मला माहीत नाही.

इथे थांबा

बोल्टच्या भोकापासून लाकडाच्या रेषांच्या दिशेने चीर गेली असेल तर त्या ईझलवर काही चढवू नका. आवळाल तसतशी चीर वाढते. तो भाग बदलायचा, आणि ते काम सुताराचं. पाय किंवा मधला दांडाच पिळला असेल तरी तेच. लाकडाचा पीळ नट आवळून जात नाही.

हँडल फिरवून वर-खाली होणाऱ्या ईझलमध्ये आत तारेचा दोर असतो किंवा आट्यांचा लांब दांडा. दोराची एक जरी तार तुटून बाहेर आलेली दिसली तर कॅनव्हास उतरवा आणि वापर बंद करा. काही ईझलांत कॅनव्हासचं वजन तोलायला प्रतिभार असतो. कॅनव्हास न उतरवता किंवा प्रतिभार न अडवता त्याचा दोर सोडलात, तर एक बाजू वेगाने खाली येते. बोटं सापडली तर मोडतात. काही ईझलांत वजन उचलायला मदत करणारा गॅस स्प्रिंग असतो. त्यात दाबाखाली गॅस भरलेला असतो, म्हणून तो स्प्रिंग उघडायचा नाही, भोक पाडायचं नाही, तापवायचा नाही. बिघडला तर अख्खा बदलायचा. विजेवर चालणाऱ्या ईझलचा प्लग काढा आणि बनवणाऱ्याच्या माणसाला बोलवा. या चार बाबतींत मी स्वतःही हात घालत नाही.

ईझलच चुकीचं असेल तर

वरचं सगळं बघून झालं, सांधे शांत आहेत, तरी कॅनव्हास उभा केला की हलतो. मग त्या कामाला ते ईझल पुरत नाही, एवढंच.

एकट्या दांड्याची तिवई बाहेर नेऊन छोटी चित्रं काढायला असते. तिच्यावर मीटरभराचा कॅनव्हास चढवून सुरीने रंग थापायचा म्हटलं तर ती हलणारच. मोठ्या तैलचित्रांना दोन उभ्या खांबांची, रुंद आणि खोल बैठकीची एच-आकाराची चौकट लागते. जागा अरुंद असेल आणि चित्रं मध्यम असतील तर ए-आकाराचं बरं, भिंतीलगत दुमडून ठेवता येतं. पाण्याचे रंग वापरणाऱ्याने फळी जवळजवळ आडवी होते का ते आधी बघावं. पुष्कळ ईझलांना ते जमतच नाही. पेटीचं, पाय दुमडणारं ईझल प्रवासाला झकास, पण त्यात सांधे फार, आणि प्रत्येक सांधा म्हणजे प्ले शिरायला एक जागा. स्टुडिओत ते एकमेव ईझल म्हणून ठेवू नये.

माहितीपत्रकावर कॅनव्हासची कमाल उंची लिहिलेली असते, वजनाबद्दल बऱ्याचदा काहीच नसतं. 100 बाय 120 सेंटिमीटरचा 6 मिलिमीटर जाडीचा एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला) बोर्ड एकटाच पाच किलोच्या पुढे जातो. बोर्डवर काम करत असाल तर वजन किती पेलतं हे विचारूनच घ्या.

विकत घेताना दांडा पूर्ण वर काढा, फळी तुमच्या नेहमीच्या उंचीवर लावा आणि जिथे ब्रश टेकेल तिथे तळहाताने ढकला, समोरून आणि बाजूनेही. दांडा खाली उतरवलेलं ईझल दुकानात सगळ्यांनाच भक्कम वाटतं. नॉबच्या खाली लाकूड नखाने दाबून बघा. सहज खूण उठत असेल तर तिथे पुढे चेपणार. बीच किंवा ओक असेल तर ते पाइनपेक्षा जास्त टिकतं. ईझल जड असेल तर कुरकुर करू नका, ते वजन तुमच्याच कामाचं आहे.

आणि छताची उंची मोजून जा. चित्राच्या खालच्या भागावर काम करायला कॅनव्हास वर घ्यावा लागतो, त्याबरोबर मधला दांडाही वर जातो. खोलीत आणल्यावर दांडा छताला टेकतो हे कळलेले लोक मला भेटले आहेत, आणि त्यावर माझ्याकडे करवतीशिवाय उपाय नव्हता.

कॅनव्हास तुमच्या उंचीपेक्षा मोठाच असेल तर ईझलचा विचार सोडून भिंतीकडे वळा. भिंतीत पक्के बसवलेले दोन आडवे लाकडी पट्टे, खालच्यावर कॅनव्हास टेकवायचा, वरच्याला अडकवायचा. उंची बदलायला शिडी किंवा स्टूल लागेल, पण थरथर अजिबात नाही. भिंत पोकळ किंवा पातळ पार्टिशनची असेल तर मात्र पट्टे बसवायला माहीतगार माणूस बोलवा. वजन कुठल्या आधारावर जातंय हे त्याने ठोकून बघू दे, मगच ड्रिल लावा.